रजेतला देव

सोलापुरास वैशाखाच्या झळा असह्य झाल्या, म्हणजे ऐपत आणि रजा दोन्ही असलेली कुटुंबे महाबळेश्वराची वाट धरतात. आम्हीही त्यांतलेच. तेथे हिंडताना साहेबी अमदानीतली ख्रिस्तमंदिरे दृष्टीस पडतात आणि मनात एक प्रश्न उभा राहतो: केवळ हवा खावयास आलेल्यांसाठी बांधलेल्या देवालयास देवालय म्हणावे काय?

१८२९ साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी खंडाळा गावाच्या मोबदल्यात हे ठिकाण साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून घेतले. लगेच १८३१ साली होली क्रॉस हे कॅथॉलिक मंदिर उभे राहिले. आंग्लपंथीयांचे ख्राइस्ट चर्चही झाले. पावसाळा तोंडावर आला की बंगल्यांवर गवताचे आच्छादन चढे आणि साहेबमंडळी खाली उतरत.

आमच्या जिल्ह्यातल्या पंढरपुराची रीत याच्या नेमकी उलट. वारीही हंगामीच, परंतु तेथे विठोबा जागचा हलत नाही, त्याच्या भेटीसाठी वारकरी ऊनपाऊस सोसून पायी जातो. येथे माणसे थंडाव्यासाठी डोंगर चढली आणि देवाला मागाहून वर यावे लागले. एकाने देवासाठी सोय सोडली, दुसऱ्याने सोयीच्या जागी देव बोलावला. या दोहोंत श्रेष्ठ कोण, हे सांगावयास नकोच.

पण येवढ्यावर निकाल देऊन मोकळे होणे आमच्या जिवावर येते. कारण आम्ही स्वतः निघतो तेव्हा काय करतो? देव्हाऱ्यातल्या देवांना पाणी घालण्याचे काम शेजारच्या काकूंवर सोपवून, कुलूप लावून गाडीत बसतो. कचेरीच्या रजेबरोबर देवाचीही रजा आपोआप मंजूर झाली, असे आपण धरून चालतो. आठ दिवसांत एकदा गुडघे टेकणाऱ्या त्या साहेबाच्या भक्तीत लोकाचाराचा भाग मोठा असेल. परंतु विश्रांतीचे दिवसही देवाच्या हिशेबात धरले जातात, येवढे तरी त्याने दगडचुन्यात कबूल करून ठेवले.

कामाच्या दिवसांत आपण बहुधा इतरांच्या धाकाने सज्जन असतो. धाक नसतो तो फुरसतीत. मनुष्याचा धर्म खरोखर किती मुरला आहे, हे पाहावयाचे तर त्याच्या रजेतच पाहावे. वारकऱ्याची पायपीट आम्हांस साधत नाही, हे आमचे दुबळेपण होय. निदान पुढल्या खेपेस काकूंना त्रास न देता देवांना बरोबर न्यावे, असे आम्ही ठरविले आहे. त्यांना हवा मानवेल. प्रश्न आहे तो आमचा.