गव्हाण आणि आपली लेकरे

नाताळ आणि गुऱ्हाळाची घाई उचगावच्या शिवारात एकदमच येतात. आईबाप रात्री घरी पोहोचतात, तो लेकरे निजलेली असतात. आम्ही पाळकही निर्दोष नाही. गावोगाव भजने करून परतलो, तो आमचीही बाळे वाट पाहून झोपलेली! कर्ज काढून नवे कपडे आणिले, म्हणजे आपले कर्तव्य सरले काय? उतारशाळा भरली होती, म्हणून मरीयेने बाळ येशूला गव्हाणीत निजविले. आपले दिवसही तसेच भरलेले. त्यांत लेकरांस जागा कोठे? १८६३ साली कोल्हापुरात जन्मलेले रॉबर्ट वाइल्डर विद्यार्थ्यांच्या मिशनरी चळवळीचे अग्रणी झाले. त्यांची पहिली शाळा आईबापांचे घरच होते. यास्तव आज सायंकाळी लेकरांस मांडीवर घेऊन प्रभुजन्माची कथा सांगा. आम्हीही तेच करू. प्रभु साहाय्य करो. आमेन.