न दिसणारी ओढ



वीज गेलेल्या रात्री अंगणात खाट टाकून आपण सर्वांनीच चांदण्या पाहिल्या आहेत. परंतु शास्त्रज्ञ सांगतात की विश्वातील सुमारे ८५ टक्के द्रव्य कोणत्याही दुर्बिणीतून दिसतच नाही. त्याला 'डार्क मॅटर', म्हणजे कृष्णद्रव्य म्हणतात.

मग ते आहे हे कळले कसे? गोफणीची दोरी सुटली की दगड दूर जाऊन पडतो. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांना एका समूहातील दीर्घिका इतक्या वेगाने फिरताना आढळल्या की, दिसणाऱ्या द्रव्याच्या ओढीने त्या एकत्र राहणे शक्यच नव्हते. १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन यांना दीर्घिकांच्या कडेच्या ताऱ्यांबाबत तेच दिसले. दोरी दिसत नाही, पण दगड सुटत नाही! २०१७ साली पुण्याच्या 'आयुका' व 'आयसर' येथील शास्त्रज्ञांनी ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेला 'सरस्वती' हा दीर्घिकांचा महासमूह शोधला. त्याचेही बहुतेक वस्तुमान कृष्णद्रव्याचेच मानले जाते.

येथे आपल्याला एक मोह होतो. "पाहा, विज्ञानही न दिसणाऱ्यावर विश्वास ठेवते, म्हणजे देव सिद्ध झाला!" हे बोलणे प्रामाणिक नाही. कृष्णद्रव्याचा कण अजून सापडलेला नाही. काही शास्त्रज्ञ तर म्हणतात की गुरुत्वाकर्षणाचा नियमच सुधारावा लागेल. उद्या तसे ठरले तर आपला देव खोटा ठरेल काय? विज्ञानाच्या कोड्यात देवाला बसवणे म्हणजे त्याला भाड्याच्या खोलीत ठेवणे. उत्तर सापडले की खोली रिकामी करावी लागते. देव हा सृष्टीतील न सापडलेला पदार्थ नव्हे. दृश्य आणि अदृश्य या दोहोंचा तो निर्माता आहे.

मात्र शास्त्रज्ञांची रीत आपण जरूर घ्यावी. न दिसणाऱ्याची पारख ते दिसणाऱ्याच्या चालीवरून करतात. संत याकोबही आपल्या पत्रात विश्वासाची पारख कृतीवरूनच करतो. आपला विश्वास शेजाऱ्यांना दिसत नाही, आपली चाल दिसते. सोयाबीन सोंगणीची मजुरी आपण वेळेवर देतो काय? धुऱ्याच्या वादात भावाशी बोलणे टाकले असेल, तर आधी त्याच्या दारी जातो काय? आपल्याला पैशाची ओढ आहे की प्रभूची, हे तेथे कळते.

या आठवड्यात आपण स्वतःला एवढेच विचारू या : आपल्याला कोणी धरून ठेवले आहे, हे आपल्या वागण्यावरून कोणाला ओळखता येईल काय?

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.