उसन्या अवयवांचा रथ

मोटारगाडी मोडीत निघते तेव्हा ती एकदम मरत नाही. तिचा पत्रा गंजून गेलेला असतो, दारे निखळलेली असतात. परंतु इंजिन अजून धडधडू शकते, दंतचक्रे शाबूत असतात, आस सरळ असतो. असे धडधाकट अवयव काढून घेऊन त्यांच्यावर एक निराळीच गाडी स्वतःच्या हातांनी उभारण्याचा छंद पश्चिमेकडे जुना आहे. इंग्लंडात कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ साली 'सेव्हन' ही छोटी गाडी सुट्या भागांच्या रूपानेही विकावयास काढली. तयार गाडीवर जो खरेदीकर पडे, तो सुट्या भागांवर पडत नसे, हे त्यामागील व्यावहारिक कारण. पुढे ह्या छंदाचा विस्तार झाला आणि ज्या जुन्या गाडीचे अवयव घ्यावयाचे तिला 'दाता' हे नाव रूढ झाले.

हा शब्द क्षणभर थांबून पाहण्याजोगा आहे. दानाला देणाऱ्याची इच्छा लागते. निर्जीव गाडीला इच्छा कोठली? तिने काही दिलेले नसते, आपणच घेतलेले असते. आणि जे न मागता घेतले, त्याला आपल्या परंपरेत दान न म्हणता ऋण म्हणणेच अधिक प्रामाणिकपणाचे होईल. ते इंजिन ज्यांनी कल्पिले, ज्यांनी ओतले, ज्यांनी घासूनपुसून बसविले, त्या अनाम माणसांचे हे ऋण आहे. मग जी गाडी उभी राहिली ती कोणाची म्हणावयाची? आणि ती जुनीच की नवी?

हैदराबादेत ह्या प्रश्नाचे मूर्त रूप पाहावयास मिळते. के. सुधाकर ह्यांनी शाळकरी वयापासून भंगारातून वाहने घडविण्याचा ध्यास घेतला. बहादूरपुऱ्यात, नेहरू प्राणिसंग्रहालयाच्या परिसरात, त्यांचे मोटारींचे संग्रहालय २०१० पासून लोकांसाठी खुले झाले. तेथे वांग्याच्या आकाराची गाडी आहे, बुटाच्या आकाराची आहे, क्रिकेटच्या चेंडूची आहे. आणि ह्या गाड्या नुसती शोभेची चित्रे नसून चालणाऱ्या आहेत. २००५ साली त्यांच्या एक्केचाळीस फुटांहून उंच तीनचाकीची गिनेसच्या विक्रमांत नोंद झाली. वांग्याच्या पोटात कोणत्या गाडीचे इंजिन आहे हे पाहणाऱ्याला आठवतही नाही. त्याच्या दृष्टीने ते वांगेच, आणि ते चालते!

रथ म्हणजे काय, हा प्रश्न आपल्याकडे दोन सहस्र वर्षांपूर्वी विचारला गेला आहे. 'मिलिंदपञ्ह' ह्या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन यवन राजा मिलिंदाला विचारतो की, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. निष्कर्ष असा की, अवयवांच्या जुळणीला दिलेले 'रथ' हे केवळ नाव आहे. हा दाखला पुष्कळांना ठाऊक असतो. परंतु त्याच ग्रंथातील आंब्याचा दाखला आपल्या प्रश्नाला अधिक जवळचा आहे. आंबे चोरणारा म्हणतो, मालकाने लावले ते आंबे निराळे, मी नेले ते निराळे. मग मी चोर कसा? राजा म्हणतो, तरीही तो दोषीच, कारण नंतरचे आंबे पहिल्यांपासूनच आले. तात्पर्य, वस्तू तीच राहिली नाही म्हणून तिच्याविषयीची जबाबदारी लोपत नाही. स्वरूप पालटते, उत्तरदायित्व पुढे चालत येते.

राज्यकर्त्यांना मात्र तत्त्वचर्चेवर भागविता येत नाही. त्यांना नोंदवहीत काहीतरी लिहावे लागते. ब्रिटनमध्ये अनेक वर्षे ह्यासाठी गुणांची पद्धत चालली. मूळ सांगाड्याला पाच गुण, आस, सुकाणू इत्यादींना प्रत्येकी दोन आणि इंजिनाला अवघा एक; आठ गुण भरले तर जुना नोंदणी क्रमांक कायम. आपण ज्याला गाडीचे हृदय म्हणतो त्याला एकच गुण मिळावा, हे मोठे अर्थपूर्ण आहे! आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम, १९८८ ह्याचे कलम ५२ असे की, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार मालकाने करू नये. इंधन बदलण्यासारखे काही अपवाद आहेत. परंतु जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ह्या निर्बंधाचा कठोर अर्थच उचलून धरला.

ह्या कायद्याची आच सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे जाणवली. यशवंतराव चव्हाणांचे हे जन्मगाव. तेथील एका लोहारकाम करणाऱ्या गृहस्थांनी मुलाच्या हौसेखातर सुमारे साठ हजार रुपयांत भंगारातील भागांची एक लहानशी जीप तयार केली. दुचाकीप्रमाणे पायाने लाथ मारून सुरू होणारी! डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्र ह्यांनी तिचे मनापासून कौतुक केले, आणि नियमांत न बसल्यामुळे ती आज ना उद्या रस्त्यावर अडविली जाईल हे ओळखून तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये अदलाबदल पार पडली. देणाऱ्याचे औदार्य निःसंशय आहे आणि घेणाऱ्याच्या कुटुंबाचा आनंदही खरा आहे. तरी एक गोष्ट मनाला लागून राहते. जी गाडी चालावी म्हणून घडली, तिचा गौरव प्रदर्शनाची वस्तू म्हणून झाला. हैदराबादचे वांगेही अखेर संग्रहालयातच उभे आहे. हातांनी घडविलेल्या गाडीला आपण टाळ्या देतो, वाट देत नाही.

कायद्याची भीती खोटी आहे असे कोण म्हणेल? रस्त्याच्या कडेने शाळेत जाणाऱ्या मुलाने त्या गाडीच्या रोधकांची परीक्षा घेतलेली नसते. घडविणाऱ्याची हौस कितीही निर्मळ असो, तिची किंमत परक्याच्या जिवाने चुकविण्याचा अधिकार त्याला नाही. परंतु ह्यावरून निघते ते एवढेच की, गाडीची परीक्षा झाली पाहिजे. घडविणेच थांबले पाहिजे असे निघत नाही. ब्रिटनमध्ये घरी बांधलेली एकेक गाडी स्वतंत्रपणे तपासून तिला परवाना देण्याची सोय आहे. आपल्याकडील तपासणीची घडी मुख्यतः कारखान्याच्या नमुन्यासाठी बसविलेली आहे. हजार गाड्या करणाऱ्याला परीक्षेचे दार उघडे आणि एकच करणाऱ्याला ते जवळपास बंद, ह्यात सुरक्षिततेपेक्षा सोयीचाच विचार अधिक दिसतो.

मग गाडी कोणाची, ह्या मूळ प्रश्नाचे उत्तर काय? मला वाटते, अवयव ज्याचे त्याची ती नव्हे आणि सांगाड्यावर कोरलेल्या आकड्याचीही नव्हे. उसन्या अवयवांची जुळणी करून जो म्हणतो, 'हिच्या प्रत्येक खिळ्याचा जाब मला विचारा', त्याची ती गाडी. ऋण फेडण्याचा ह्याहून सरळ मार्ग नाही. पूर्वजांकडून मिळालेली भाषा, घर, शेत ह्यांच्या बाबतीतही आपण दुसरे काय करतो? मिळालेल्या भागांतून काही उभारतो आणि त्याचा जाब देण्यास पुढे होतो. समाजाने अशा माणसाला इतकेच द्यावे: कौतुकाआधी एक कठोर आणि न्याय्य परीक्षा, आणि ती उतरल्यावर मोकळा रस्ता.