हलका मासा कुणी ठरवला?

मोहन्याला उल्हास नदीकाठी चिलापीला मान नाही. "घाणीतला मासा" म्हणतात. मी विचारतो, घाण कुणाची? गटारं काय माशानं नदीत सोडली? चिलापी मूळची आफ्रिकेतली. १९५२ साली ती भारतात आणली. नासक्या पाण्यातही तगते. पाणी नासवणारा उजळ माथ्यानं फिरतो आणि त्यात जगणारा घाण ठरतो! हा न्याय आपल्या ओळखीचा आहे, दोस्तहो.

विलायतेत साहेबानंही माशांत वर्ण पाडले. पिसांची खोटी माशी गळाला बांधून धरायचे ते ट्राउट, सालमन खानदानी. बाकीचे सगळे 'भरड'. हिंदुस्थानात त्याला महसीर पसंत पडला. का? तर गळाला लागल्यावर जोरात झुंजतो. म्हणजे माशाची पत त्याच्या तडफडण्यावर, आणि मापं घेणार कोण? ज्याच्या हाती गळ तो!

आता काही शौकीन म्हणतात, भरड मासाही खोट्या माशीवर येतो, ट्राउटसारखाच झुंजतो, तेव्हा त्यालाही मान द्या. मला हे पटत नाही. वरच्यासारखा आहे म्हणून मान मिळाला तर उतरंड जिथल्या तिथंच. एक मडकं तेवढं वर सरकलं.

चिलापीला ट्राउट व्हायचं नाही. तिला धड पाणी पाहिजे. १९२७ साली बाबासाहेबांबरोबर आपली माणसं महाडच्या तळ्यावर गेली, ती कुणासारखी होण्यासाठी नव्हे. माणूस म्हणून गेली. कुणी आपल्याला "तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही" असं कौतुकानं म्हटलं, तर खूश होऊ नका. त्याच्या हातातला गळ बघा.