डावखुरा हात

शास्ते ह्या पुस्तकाच्या ३ ऱ्या अध्यायात परमेश्वराने आपल्या लोकांस सोडविण्यासाठी डावखुऱ्या एहूदास उभे केले. गोरेगावच्या मंडळीतील तरुणांनो, दुसऱ्या एका डावखुऱ्याची हकीकत ऐका.

बाळू पालवणकर चांभार कुळातले. पुण्यात साहेबांच्या जिमखान्यावर ते अल्प वेतनावर मैदान राखीत. साहेबांस सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांचा हात तयार झाला. मग पुण्याच्या हिंदूंनी त्यांस आपल्या संघात घेतले. सामना जिंकावयास तो हात चालला. चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात! लाज कोणाची, पिणाऱ्याची की देणाऱ्याची?

१९११ साली त्यांनी इंग्लंडात ११४ गडी बाद केले. तरी हिंदू संघाचे कप्तान म्हणून त्यांची निवड कधीच झाली नाही. तो मान १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल ह्यांस मिळाला. तोवर बाळूंचे खेळणे संपले होते.