शांत रात्रीचें हिंव

युरोपांत वसंतऋतूमध्यें हवामानाचें एक भाकित वारंवार ऐकूं येतें: आकाश निरभ्र राहील, वारा पडलेला असेल, दिवसां ऊन सुखद असेल, मात्र रात्रीं हिंव पडून कोंवळ्या रोपांस इजा होण्याचा संभव आहे. प्रथमदर्शनीं या भाकिताचा पूर्वार्ध व उत्तरार्ध परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः दुसरा पहिल्याच्याच पोटीं जन्मास येतो. भूमीनें दिवसभर सांठविलेली उष्णता रात्रीं आकाशाकडे निघून जाते. वर ढगांचें पांघरूण असल्यास तिचा कांहीं अंश परत मिळतो. निरभ्र आकाशाखालीं तो फारसा मिळत नाहीं. वारा असल्यास वरची उबदार हवा खालीं येऊन मिसळते. तो पडला कीं थंड व जड हवा जमिनीलगत सांचते. ज्या शांततेस आपण शुभचिन्ह मानतों, तीच येथें घातास साहाय्य करते.

इ. स. २०२१ मध्यें फ्रान्सांत असेंच झालें. मार्चअखेर तेथें अकालीं उष्मा झाला व द्राक्षवेलींचे डोळे लवकर फुटले. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यांत रात्रीचें उष्णतामान शून्याखालीं उतरलें आणि अनेक प्रांतांतील कोंवळे कोंब जळून गेले.

आतां प्रश्न असा कीं, यांत दोष कोणाचा? मिटलेला डोळा हिंवाळ्यांत उणें दहा अंशांचीही थंडी सोसतो. तोच उमलला म्हणजे उणें दोन-तीन अंशांत मरतो. यावरून व्यवहारचतुर मनुष्य असा बोध काढील कीं, उमलण्याची घाई करूं नये. आपल्या घरांतूनही हाच उपदेश नकळत चालूं असतो. मित्रावर विश्वास टाकून फसलेला मुलगा घरीं येतो, तेव्हां “तूं इतका भोळा कसा?” हा आपला पहिला प्रश्न असतो. फसविणारा बाजूस राहतो आणि विश्वास हाच अपराध ठरतो. मुलगा पुढें सावध होतो खरा. पण कित्येकदां तो कायमचाच मिटतो. न उमललेल्या डोळ्यास हिंव बाधत नाहीं, हें खरें. परंतु त्यास घडही येत नाहीं.

कोणी विचारील, मग सावधगिरी नकोच काय? अवश्य हवी, पण ती कोंबाकडून मागणें अन्याय आहे. ती बागवानानें बाळगावयाची. शाब्ली येथील बागवान अशा रात्रीं वेलींच्या ओळींमधून मोठाल्या मेणबत्त्या पेटवितात. कांहीं जण वेलींवर पाण्याचे तुषार सोडीत राहतात. गोठतांना पाणी जी उष्णता सोडतें, तिच्यामुळें बर्फाच्या कवचांतील कोंब शून्याच्या आसपासच राहतो. आपल्या निफाडकडील बागाईतदारही कडाक्याच्या थंडींत पहांटे द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवितात. यांपैकीं कोणीही वेलीस उमलल्याबद्दल बोल लावीत नाहीं.

अशा जागरणास फळाची खात्री नसते. कित्येक रात्रीं हिंव येतच नाहीं व श्रम फुकट गेलेसे वाटतात. उलट २०२१ सालीं पुष्कळांनीं रात्रभर दिवे जाळले, तरी पीक गेलें. म्हणून तें कर्तव्य नव्हतें, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. आईबापांनीं मुलांसाठीं केलेल्या किती जागरणांचा हिशेब जुळतो?

द्राक्षवेलीचा मुख्य कोंब जळाला, तर शेजारचा दुय्यम डोळा बहुधा मागाहून फुटतो. त्यास घड कमी लागतात, पण वेल जगते. फसून घरीं आलेल्या मुलाच्या मनांतही असा एखादा डोळा शिल्लक असतो. त्याच्याशीं बोलतांना आपला पहिला शब्द त्या डोळ्यास ऊब देणारा आहे कीं हिंवाचा, एवढें प्रत्येकानें आपल्या घरीं पाहावें.