परभूमीतील वाढ

परदेशी राहून आलेल्या माणसाविषयी बोलताना ‘तो सुधारला’ हा शब्द आपल्या समाजात फार सहजपणे वापरला जातो. घरावर मजला चढला, मुले चांगल्या शाळेत गेली, बोलण्याचालण्यात टापटीप आली, म्हणजे सुधारणा झाली. यातले काहीच क्षुल्लक नाही. दारिद्र्य पाहिलेल्या पिढीला ते क्षुल्लक वाटूही नये. परंतु परक्या संस्कृतीत राहून माणूस आतून वाढतो काय, आणि वाढत असेल तर कशामुळे, हा प्रश्न त्याने सुटत नाही. नव्या मातीत रुजायचे तर जुने मूळ उपटावेच लागते, अशी एक समजूत या ‘सुधारणे’च्या पोटात दडलेली असते. ती तपासून पाहिली पाहिजे.

पवित्र शास्त्रातील योसेफाची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. भावांनी विकलेला हा मुलगा मिसर देशात फारोच्या खालोखाल अधिकारपदी पोहोचला. फारोने त्याला मिसरी नाव दिले, मिसरी पत्नी करून दिली. पहिला पुत्र झाला तेव्हा त्याने त्याचे नाव मनश्शे ठेवले. देवाने मला माझ्या कष्टांचा आणि पित्याच्या घराचा विसर पाडला, असा त्या नावाचा आशय उत्पत्तीच्या पुस्तकात सांगितला आहे. मौज अशी, की पितृगृह विसरल्याची ही ग्वाही त्याने पित्याच्याच भाषेत दिली! पुढे दुष्काळात भाऊ धान्य मागायला आले, तेव्हा तो त्यांच्याशी दुभाष्यामार्फत बोलला. याला आपले बोलणे कळत नाही, अशा समजुतीने ते त्याच्यासमोरच आपल्या जुन्या अपराधाविषयी बोलू लागले. त्याला शब्द न् शब्द कळत होता. तो बाजूला वळला आणि रडला. अन्नाची कोठारे भरणारा कर्तबगार अधिकारी तो केव्हाच झाला होता. पण मला वाटते, तो पूर्ण माणूस झाला तो सर्व मिसरी माणसांना बाहेर पाठवून, दुभाष्यावाचून, भावांशी स्वतःच्या तोंडाने बोलला त्या क्षणी. आणि म्हणून मिसर देश त्याला परका झाला असेही नाही. त्या देशाचा कारभार तो पुढेही पाहतच राहिला.

योसेफ सक्तीने गेला होता. स्वेच्छेने परभूमीत गेलेल्यांमध्ये आपल्याकडे फादर स्टीफन्स यांचे नाव नेहमी घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. १५७९ साली गोव्यात उतरलेल्या या इंग्रज येशूसंघीयाचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. मला मात्र येथे आपल्या अधिक जवळच्या काळातील एक धर्मगुरू आठवतात: फादर कामिल बुल्के.

बुल्के यांचा जन्म १९०९ साली बेल्जियममधील रामस्कापेले या गावी झाला. गाव फ्लेमिश भाषकांचे; परंतु त्या प्रदेशात प्रतिष्ठेची भाषा फ्रेंच. न्यायालये, उच्च शिक्षण, वरिष्ठ वर्गाचे दिवाणखाने, सर्वत्र फ्रेंचचा वरचष्मा होता. गेंटचे विद्यापीठ पूर्णपणे त्या लोकांच्या भाषेत चालू लागले ते १९३० मध्ये. लूव्हाँ येथे अभियांत्रिकी शिकत असताना बुल्के मातृभाषेच्या या लढ्यात सहभागी झाले होते. १९३५ साली ते येशूसंघीय म्हणून भारतात आले, आणि येथील सुशिक्षित माणूस आपल्या भाषेची लाज बाळगून परकी भाषा मिरवतो, हे पाहून त्यांना दुःख झाले.

हे दुःख त्यांना का झाले? साम्राज्यातून येणाऱ्या कित्येक गोऱ्या माणसांना ते झाले नव्हते. बुल्के यांना झाले, कारण ही जखम त्यांच्या ओळखीची होती. स्वतःच्या बोलीवर प्रेम केल्यामुळेच दुसऱ्याच्या बोलीचे मोल त्यांना कळले. पुढचा प्रवास पुष्कळांना ठाऊक आहे. पंडितांच्या पायाशी बसून त्यांनी हिंदी आणि संस्कृत आत्मसात केली. अलाहाबाद विद्यापीठात रामकथेवरील आपला प्रबंध हिंदीतच लिहीन असा आग्रह धरला, आणि विद्यापीठाने त्यासाठी नियम बदलला. १९५१ मध्ये त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले. १९६८ साली त्यांचा इंग्रजी-हिंदी कोश प्रसिद्ध झाला. रांचीला ते ‘बाबा बुल्के’ झाले. रांचीच्या परिसरातील मुंडारी, कुडुख बोलणाऱ्यांच्या दृष्टीने हिंदी हीसुद्धा वरून आलेली मोठी भाषाच होती, हे मात्र त्यांच्याविषयीच्या आदरापोटीही विसरता येत नाही.

कोणी म्हणेल, बुल्के यांना निवड होती. करारावर आखातात गेलेल्या परिचारिकेला, किंवा ज्याचे पारपत्र मालकाच्या कपाटात आहे अशा मजुराला, आंतरिक वाढीच्या गोष्टी सांगणे हा क्रूरपणा आहे. आक्षेप खरा आहे. ज्याला आठवड्याची सुटी मिळत नाही त्याने यजमान देशाचे काव्य वाचावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? त्याच्या बाबतीत पहिला प्रश्न न्यायाचा आहे. तरीही त्या परिचारिकेचा विचार करताना मला वाटते, की तिने अरबी भाषेतले जे पहिले शब्द उचलले ते बहुधा वेदना, पाणी, हळू असे असतील. रुग्णाच्या उशाशी उभे राहून शिकलेल्या त्या चार शब्दांत त्या संस्कृतीचे जे दर्शन तिला झाले, ते वातानुकूलित दुकानांतून फिरणाऱ्या प्रवाशाला होत नाही. तिला कमीपणा आला असेल तर तो तिला तसे वागवणाऱ्यांमुळे आला, शिकण्यामुळे नाही.

मला चिंता वाटते ती ज्यांना निवड आहे त्यांची. वसईच्या पट्ट्यात आज अशी घरे आहेत, की जेथे परदेशातून सुटीवर आलेल्या नातवाला आजीची कादोडी कळत नाही आणि आजीला त्याची इंग्रजी उमगत नाही. मध्ये बसून सूनबाई दुभाष्याचे काम करते. योसेफाला निदान सगळे कळत तरी होते. मुलाला पुढे अडचण होऊ नये म्हणून घरची बोली बंद केली, असे आईबाप प्रामाणिकपणे सांगतात. पण हा मुलगा ज्या देशात वाढतो आहे तेथील भाषेवर तरी कशाच्या बळावर प्रेम करणार? भाषेवर प्रेम कसे करतात, हे त्याने घरात पाहिलेलेच नाही.

बुल्के यांनी मॉरिस मेटरलिंक यांच्या एका नाटकाचे ‘नील पंछी’ या नावाने हिंदी रूपांतर केले. मेटरलिंक गेंटचे, म्हणजे बुल्के यांच्याच फ्लॅंडर्स प्रांतातील. पण त्यांनी लिहिले ते फ्रेंचमध्ये. तरुणपणी ज्या भाषेच्या वर्चस्वाविरुद्ध बुल्के उभे राहिले, त्याच भाषेतील एक नाटक त्यांनी रांचीत बसून, तिसऱ्याच एका देशाच्या मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी, हिंदीत आणले.